छावणीचं सरपण आणि सुताराची करवत

करवत मागायला आलेलं गिऱ्हाईक काय कापायचंय ते आधी कधीच सांगत नाही. मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "काका, ही घडीची आहे का? आम्ही गौताळ्याला कॅम्पला चाललोय." फोटोत खटक्याने मुठीत मिटणारी एक देखणी वस्तू असते, बहुधा जपानी नाहीतर स्वीडिश. गुलमंडीच्या मागच्या बोळातलं आमचं हार्डवेअरचं दुकान वडिलांच्या हातचं. त्यांचीच सवय मला लागली आहे. करवत दाखवण्याआधी मी विचारतो, लाकूड कोणतं? ओलं की वाळलेलं? जाडी किती? पोरं एकमेकांकडे बघतात. मनातला चौथा प्रश्न मी सहसा बोलून दाखवत नाही. कॅम्पवर तुम्हाला करवत हवी कशाला?

प्रश्न खवचट वाटेल, पण त्याला इतिहास आहे. आमच्या शहराइतक्या छावण्या बघितलेली शहरं देशात थोडी. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, पुढे तिचं फतेहनगर झालं, 1653 मध्ये औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. या साऱ्या काळात निजामशाही, मुघल, मराठे, निजाम आणि इंग्रज यांच्या फौजा या माळांवर उतरल्या, जेवल्या, निघून गेल्या. त्यांच्याबरोबर करवतीही होत्या. फक्त चुलीत घालायच्या लाकडाला त्या कुणी लावत नसत.

आधी करवतीबद्दल. मी लहान असताना दुकानात येणारे जुने मिस्त्री दोन तऱ्हांच्या करवती वापरायचे. एक विलायती घाटाची, रुंद पात्याची, पुढे ढकलताना कापणारी. दुसरी लोहाराकडून घडवून घेतलेली, अरुंद, आणि तिचे दात मुठीकडे झुकलेले. ती ओढताना कापते. ओढून कापणारी करवत आपल्याकडची जुनी तऱ्हा, आणि तिचं कारण सुताराच्या बसण्यात आहे. आपला सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबून धरतो. त्याच्यापुढे ना टेबल, ना शिकंजा. त्या बैठकीत अंगाचा जोर ओढण्यात येतो, ढकलण्यात नाही. युरोपातला सुतार टेबलापाशी उभा राहतो आणि खांद्याचा भार पुढे टाकतो, म्हणून त्याची करवत ढकलायची. ढकलताना पातं वाकायला बघतं. ते वाकू नये म्हणून जाड ठेवावं लागतं, आणि जाड पातं म्हणजे जास्त भुसा, जास्त मेहनत. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, म्हणून पातळ चालतं. जपान्यांनी हेच धरून ठेवलं, त्यावर उत्तम पोलाद चढवलं आणि जगभर विकलं. आज कॅम्पवाले जिची तारीफ करतात त्या घडीच्या करवतीचा सगळा गुण या ओढण्यात आहे. "सेठ, आरी तो खींचने की चीज है," असं एक म्हातारे मिस्त्री वडिलांना सांगायचे. विलायती करवत विकत घेताना तर ते हे हमखास ऐकवायचे.

सुतारांचं या जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं ठिकाण दगडात आहे. वेरूळची 10 नंबरची लेणी. सातव्या शतकाच्या सुमाराला बौद्धांनी कोरलेला चैत्य, पण लोक तिला विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी म्हणतात. आत जाऊन मान वर केली की नाव का पडलं ते कळतं. छताला एकामागून एक कमानदार फासळ्या आहेत, जणू लाकडाच्या वाशांवर उभारलेला मांडव. एकही वासा लाकडाचा नाही, सगळा कातळ. त्याआधीच्या चैत्यांत खऱ्या सागाच्या फासळ्या बसवायची रीत होती. पुणे जिल्ह्यात भाजे आणि कार्ल्याला दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड अजून आहे. कार्ल्याच्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचं दार केल्याचं कोरलंय. वेरूळपर्यंत येईतो लाकूड गेलं आणि त्याची नक्कल उरली. आत पाय सोडून बसलेले बुद्ध आहेत, धर्म शिकवताना एका हाताची बोटं दुसऱ्या हाताशी नेलेली. सुतारांनी त्यांना विश्वकर्मा मानलं, तिथे पूजेला येऊ लागले आणि त्या मुद्रेचा आपल्यापुरता अर्थही लावला. काम करताना देवाचं बोट कापलं, ते त्याने धरून ठेवलंय. पुरातत्त्वाच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. मी मात्र बोटाला चिंधी बांधलेले इतके सुतार पाहिलेत की मला ही गोष्ट पटते.

आता छावणी. मुघल छावणीत करवतीचं काम कसं चालायचं याची सगळ्यात नेमकी नोंद अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत आहे. पुस्तक अकबराच्या काळातलं, सोळाव्या शतकाच्या अखेरचं, पण छावणीची ती घडी पुढे औरंगजेबापर्यंत चालली. त्यात कारागिरांची मजुरी दामात दिलीय, 40 दामांचा एक रुपया. पहिल्या प्रतीच्या सुताराला रोज 7 दाम, शेवटच्या प्रतीच्याला 2. आराकश, म्हणजे मोठ्या आऱ्याने ओंडके चिरणारा, कामाच्या मापाने पैसे घेई. शिसव असेल तर चौरस गजाला अडीच दाम, मऊ लाकडाला दोन. पुढे एक बारीक ओळ आहे, आणि माझा जीव तिच्यावर आहे. एका आऱ्याला माणसं तीन, एक वर आणि दोन खाली.

ही तीन माणसं मी पाहिली आहेत. 1960च्या दशकात जुन्या शहरातल्या वखारींत अजून हाताने ओंडके चिरले जात. ओंडका दोन टेकणांवर तिरपा चढवायचा. गेरूत भिजवलेलं सूत ताणून टचकन सोडायचं, लाल रेघ उमटायची. एक जण ओंडक्यावर उभा, तो रेघ सांभाळतो. खालचे दोघे ओढतात, आणि सगळा भुसा त्यांच्या डोळ्यांत, केसांत, छातीवर. वरच्याला मान जास्त आणि खालच्यांना खोकला. आम्ही पोरं भुश्यात खेळायला जायचो आणि शिव्या खाऊन परत यायचो. अबुल फजलच्या ओळीत आणि त्या वखारीत जवळपास पावणेचारशे वर्षांचं अंतर होतं आणि माणसांची संख्या तीच.

ऐनमध्ये 72 जातींच्या लाकडांचं वजनही दिलंय, प्रत्येकी एक घनगजाचं, सगळ्यात जड खंजकपासून सगळ्यात हलक्या सफेदारपर्यंत. बादशहाने हे मोजायला लावलं यात नवल नाही. त्याचं घरच चालतं होतं. एका मुक्कामाचं सामान न्यायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत. तंबू उभारायला हजार फर्राश, जमीन सारखी करायला 500 बेलदार. सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी मिळून 50. दहा खांबांवर उभी राहणारी लाकडी रावटी, चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेलं घडीचं कुंपण, आणि सगळ्यांत उंच तो आकाशदिवा: 40 गजांची डोलकाठी, 16 दोरांनी ताणलेली, रात्री वाट चुकलेल्याला छावणी सापडावी म्हणून. खांब, सांधे, खुंट्या, काठ्या यांसाठी करवत हवीच.

चुलीचं मात्र वेगळं होतं. फ्रेंच डॉक्टर बर्निए 1664-65 मध्ये औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरला निघाला होता. संध्याकाळी छावणीत हजारो चुली पेटत, त्यात गाई-उंटांचं शेण आणि ओलं लाकूड. वारा पडलेला असला की धुराने सगळीकडे काळोख व्हायचा, असं त्याने वैतागून लिहून ठेवलंय. ओलं लाकूड म्हणजे वाटेत सापडेल ते, कुऱ्हाडीने तोडलेलं. ते करवतीने तुकडे करून, वाळवून, रचून ठेवायला वेळ कुणाकडे? उद्या सकाळी पुढचा मुक्काम.

हाच औरंगजेब 1682 मध्ये आमच्या शहरात येऊन राहिला, 1683च्या अखेरीस नगरकडे निघाला आणि 1707 मध्ये मेला तोही नगरजवळ छावणीतच. मधली सारी वर्षं दख्खनच्या माळांवर तंबूत. 1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी त्याला कृष्णाकाठी गलगल्याला भेटला. छावणीचा घेर 30 मैल आणि बाजार अडीचशे, असं त्याने लिहिलंय. इतक्या चुली जिथे उतरत असतील तिथे मागे झाडाचं काय उरत असेल याचा हिशेब कुठल्या बखरीत नाही. तो शेतकऱ्याच्या बांधावर होता.

शिवाजी महाराजांना तो हिशेब दिसत होता. चिपळूणजवळ मुक्काम केलेल्या आपल्या लष्कराच्या अंमलदारांना 19 मे 1673 रोजी पाठवलेलं त्यांचं पत्र शाळेत सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. दाणा, गवत, भाजी आणि सरपणसुद्धा बाजारातून विकत आणा, कुणब्याच्या घरात घुसू नका, असा त्याचा आशय. त्यात आगीची ताकीदही आहे: गवताच्या गंजीजवळ चुली मांडाल, चिलीम ओढाल, दिव्याची जळती वात उंदीर पळवेल आणि सगळी पागा जळेल. छावणीत राहून बघितलेल्याच माणसाला सुचावी अशी ही उंदराची गोष्ट आहे. पुढे 1715च्या आसपास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिलं. आंबा-फणसाचं लाकूड कामाचं असलं तरी त्याला हात लावू नका, ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादं झाड जुनं होऊन निकामी झालंच, तर मालकाला राजी करून, मोल देऊन मगच तोडा. मला विचाराल तर लाकूडतोडीवर मराठीत याहून शहाणं कुणी लिहिलं नाही. हल्लीच्या परिपत्रकांची भाषा यापुढे फार कोरडी वाटते.

आणि मराठवाड्यात मुळात लाकूड होतंच कुठे? अजिंठ्याची डोंगररांग आणि कन्नड-सोयगावचं जंगल सोडलं तर काळ्या मातीचं मैदान. बांधावर बाभूळ, गावात कडुलिंब, ओढ्याकाठी करंज. बाभळीचं चांगलं लाकूड गाडीच्या चाकाला आणि नांगराला जायचं. ते जाळणारा उधळ्या ठरायचा. इथल्या चुली चालायच्या पऱ्हाट्यांवर, तुराट्यांवर, धसकटांवर आणि गोवऱ्यांवर. पऱ्हाटी गुडघ्यावर टेकवून मोडतात. माझी आजी ते काम बोलता बोलता करायची. बलुतेदार सुताराच्या घरी करवत असे, ती नांगर, पांभर, मोट, दार यांसाठी. सरपणाला तिचे दात लावले असते तर त्याने भांडण काढलं असतं.

छावणीत करवत लागली असा एक प्रसंग मात्र या मुलखात घडला आणि त्यात कापलं गेलं ते लाकूड नव्हतं. 29 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नगर जिंकून औरंगाबादला पोचला. 23 सप्टेंबरला असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यात, तेव्हा हा सगळा एकच मुलूख. शिंद्यांचा तोफखाना असा चालला की इंग्रजांकडचे 428 ठार आणि 1,138 जखमी झाले. मराठ्यांकडचे किती पडले त्याची अशी नीट मोजदाद कुणी ठेवली नाही, हे आपलं नेहमीचं. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवायचं होतं, पण निजामाच्या किल्लेदाराने, म्हणजे इंग्रजांच्याच मित्राच्या माणसाने, आत घ्यायला नकार दिला. शेवटी इस्पितळ अजिंठा गावात लागलं. तोफेच्या गोळ्याने चुरा झालेल्या हाडाला त्या काळी एकच उपाय होता, आणि भूल देणाऱ्या ईथरला अजून चाळीसेक वर्षं अवकाश होता. लष्करी सर्जनच्या पेटीत चौकटीची, बारीक दातांची करवत असायचीच. अजिंठ्याची लेणी इंग्रजांना दिसली 1819 मध्ये. त्याच्या सोळा वर्षं आधी त्याच गावच्या वेशीत इंग्रज डॉक्टर हाडं कापत होते, हे लेणी बघायला येणाऱ्या बसगाड्यांमध्ये कुणी सांगत नाही.

हे विषयाला सोडून वाटेल, पण नाही. घडीच्या करवतीनंतर गिऱ्हाईक ज्या दोन वस्तू मागतात त्या दोन्ही याच पेटीतून आल्यात. एक, खिशात मावणारी साखळी करवत, दोन्ही टोकांना मुठी. अशी दातेरी साखळी 1780च्या दशकात एटकेन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी काढली, अडलेल्या बाळंतिणीचं ओटीपोटाखालचं हाड मोकळं करायला आणि सडलेलं हाड काढायला. दुसरी, दोन कड्यांची तारेची करवत. ती 1894 ची, लिओनार्दो जिली या इटालियन प्रसूतितज्ज्ञाची, आणि तिचंही मूळ काम तेच. शस्त्रक्रियेत ती अजून त्याच्या नावाने ओळखली जाते. लाकडावर ती चालते, पण तापते, तुटते आणि बोटं सोलते. मी ती विकतो, कारण मागतात. घ्या असं म्हणत नाही.

नंतरचा काळ भराभर गेला. 1900च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली, तिच्याबरोबर शेफिल्डची पोलादी पाती सहज मिळू लागली आणि लोहाराची करवत मागे पडत गेली. मग विजेवरच्या आरा गिरण्या आल्या आणि ओंडक्याखालच्या त्या दोघांची सुटका झाली, रोजगारही सुटला. जंगलतोडीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये दिलेल्या आदेशानंतर या गिरण्यांवर लगाम आला. 2002 नंतर नवा परवाना मिळणं दुर्मीळच झालं. वखारींच्या जागी आता प्लायवूडची दुकानं आहेत. तिथला कारागीर मशीन बाहेर काढतो, प्लग शोधतो. त्याला कानस दाखवली तर विचारतो, हे कशाला?

कानस हा करवत घेतानाचा खरा मुद्दा. जुनी करवत बोथट झाली की मिस्त्री तिला दोन फळ्यांत आवळून तिकोनी कानशीने एकेक दात घासायचा. मग एक दात डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवायचा, म्हणजे चीर पात्याहून रुंद पडते आणि करवत अडकत नाही. अशी करवत बाप लेकाला देत असे, आणि रुंदी घासून निम्मी होईपर्यंत ती चालायची. आजच्या घडीच्या करवतींचे दात विजेच्या झटक्याने कडक केलेले असतात. कानस त्यांच्यावरून घसरते. दीर्घकाळ छान कापतात, मग पातं फेका आणि नवं आणा. ते पातं कधी कधी करवतीच्या निम्म्या किमतीला पडतं. म्हणून घेताना मी सांगतो, पातं सुटं मिळतं का ते आधी बघ.

बाकी हिशेब सोपा आहे. ओल्या लाकडाला मोठे, विरळ दात, कारण ओला भुसा फुगतो आणि दातांमधल्या जागेत अडकतो. वाळलेल्या, कठीण लाकडाला बारीक दात. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या दुपटीहून कमी नको, नाहीतर ओढायला जागाच उरत नाही. साग मऊ वाटतो, पण त्यातली वाळू धार खाते. धावडा आणि अंजन, गौताळ्याच्या बाजूची झाडं, त्यांच्या नादी लागू नका. अंजनाचं लाकूड पाण्यात बुडतं, यावरून समजा.

नादी लागू नका याला दुसरंही कारण आहे. गौताळा औट्रमघाट 1986 पासून अभयारण्य आहे, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने तिथली फांदी तोडणंच काय, पडलेलं लाकूड उचलून आणणंही गुन्हा. हे ऐकलं की पोरांचे चेहरे पडतात. एकजण हमखास म्हणतो, "मग काका, शेकोटी?" त्याला मी वखारीचा पत्ता देतो. फोडलेलं सरपण किलोवर मिळतं, गाडीच्या डिकीत मावतं. शेकोटी कुठे पेटवायची ते वन विभागाला विचार, हेही सांगतो. 1673च्या पत्रातला हुकूम याहून फार वेगळा नव्हता.

तरीही करवत घ्यायचीच असेल तर ती बांबूसाठी घ्या. शाळांच्या स्काऊट शिबिरात कमान, तिपाई, तंबूची जादा काठी, भांड्यांची मांडणी हे सगळं बांबू आणि सुतळीवर उभं राहतं, आणि तिथे कुऱ्हाड कामाची नाही, बांबू फाटतो. आठ इंची पातं, ओढून कापणारं, दात बारीक. कापायच्या जागी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, धस निघत नाही. काप गाठीच्या लगेच वर घ्या, म्हणजे टोक बंद राहतं आणि पाणी साठत नाही. आणि शेवटच्या दोन-तीन ओढींना हात हलका ठेवा, कारण बांबूची साल नेहमी तिथेच सोलून जाते.